शास्त्रांगण : थोडक्या मोजमापांत पुरें चित्र

गेल्या महिन्यांत या सदरांत आपण पिण्याच्या पाण्याचा विचार केला. या महिन्याचा विषय मात्र मीं निवडलेला नाहीं. तो आमच्या घरांत आपण होऊन चालत आला, आणि त्यास घेऊन आल्या आमच्या आत्याबाई. त्यांचें वय ७८ वर्षांचें. बुद्धि तल्लख, वाणी त्याहून तल्लख. परंतु तीन महिन्यांपासून पाठीचें दुखणें जडलें आणि डावें पाऊल बधिर होऊं लागलें. आमच्या डॉक्टरांनीं पाठीच्या कण्याचें एम्. आर्. आय्. चित्र काढून आणावयास सांगितलें.

पुष्कळ वाचकांच्या घरीं हा अनुभव येऊन गेला असेल. एका मोठ्या नळकांड्यासारख्या यंत्रांत रुग्णास उताणें निजवितात, कानांत बोळे घालतात, आणि अर्धा-पाऊण तास मुळींच हालूं नये असें बजावतात. आंत ठकठक, घरघर असा विलक्षण आवाज सुरू होतो. आत्याबाईंना उताणें निजलें कीं खोकल्याची उबळ येते. वीस मिनिटें त्यांनीं निग्रहानें काढलीं. मग उबळ आली, आणि ती आवरेना. चित्रें पुसट निघालीं. पैसे पूर्ण घेतले गेले, आणि अहवालाच्या तळाशीं एक वाक्य छापून मिळालें : ‘रुग्ण स्थिर न राहिल्यामुळें चित्रें निर्णायक नाहींत.’ परत येतांना आत्याबाई गाडींत एक शब्दही बोलल्या नाहींत. रात्रीं पानावर बसल्यावर एवढेंच म्हणाल्या, “बाळ, माझ्यामुळें तुझे पैसे वायां गेले रे.”

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा संगणकशास्त्र शिकतो. तो म्हणाला, “काका, दुसऱ्या एका केंद्रांत नवी पद्धति आली आहे. तेथें हेंच काम पुष्कळ कमी वेळांत होतें. यंत्र सगळें मोजीत नाहीं. थोडें मोजतें आणि उरलेलें शिकलेल्या गणितानें भरून काढतें.” त्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं वाढतां वाढतां विचारलें, “म्हणजे न पाहिलेलें पाहिलें म्हणून सांगतें कीं काय? आणि त्यावर विसंबून आत्याबाईंच्या पाठीवर शस्त्र चालवायचें?”

प्रश्न घरगुती खरा. पण गेल्या कांहीं वर्षांत जगांतले मोठमोठे तज्ज्ञ ज्या प्रश्नाशीं झगडत आहेत, तो हाच. म्हणून आज त्याचेंच उत्तर शोधूं.

प्रथम, या यंत्रास इतका वेळ लागतो तरी कां? क्षकिरणांचें चित्र डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच निघतें. मग यासच पाऊण तास कशाला? कारण असें, कीं हें यंत्र शरीराकडे पाहत नाहीं. तें शरीर ऐकतें. आपल्या देहांत पाण्याचा अंश मोठा. पाण्याच्या प्रत्येक कणांत हायड्रोजनचे दोन परमाणु असतात, आणि त्या परमाणूचा गाभा म्हणजे जणूं एक अतिसूक्ष्म चुंबकसुई. यंत्राचा चुंबक नेहमींच्या रुग्णालयांत दीड टेस्ला शक्तीचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें ३०,००० पट असतो. त्याच्या प्रभावाखालीं या असंख्य सुयांचा कल किंचित् एका दिशेस होतो. मग रेडिओच्या लहरींचा एक हलका धक्का दिला, कीं त्या डोलूं लागतात आणि डोलतांना स्वतः तशाच लहरी परत सोडतात. दीड टेस्लाच्या यंत्रांत हा सूर सेकंदास सुमारें ६ कोटि ४० लक्ष आवर्तनांचा असतो. यांत क्षकिरणांसारखा अपायकारक किरण मुळींच नाहीं, हा या पद्धतीचा मोठा गुण. जागोजागीं चुंबकत्व जाणूनबुजून थोडें कमीअधिक केलें, कीं जागेप्रमाणें सूरही बदलतो. तें कमीअधिक करणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांचा थरकांप, तीच ती ठकठक.

आतां मुख्य गोष्ट. आरतींत जसे थोरांचे भरदार आणि मुलांचे बारीक आवाज मिसळून एक नाद होतो, तसें कोणतेंही चित्र अनेक जाडबारीक पट्ट्यांच्या मिश्रणानें बनतें. यंत्र एका वेळच्या ऐकण्यांत अशा पट्ट्यांची एकच ओळ टिपतें. जाड पट्ट्यांच्या ओळींतून अवयवाचा ढोबळ आकार व छायाप्रकाश मिळतो; बारीक पट्ट्यांच्या ओळींतून कडा आणि सूक्ष्म रेषा मिळतात. अशा, समजा, २५६ ओळी हव्या असल्या आणि साध्या पद्धतीनें एकेका ओळीमागें दोन सेकंद लागले, तर एका चित्रमालिकेस ५१२ सेकंद, म्हणजे साडेआठ मिनिटें झालीं. आणि डॉक्टरांना अशा चार-पांच निरनिराळ्या मालिका हव्या असतात. आत्याबाईंचा खोकला याच हिशेबांत अडकला. मध्येंच रुग्ण हालला, तर आधींच्या आणि नंतरच्या ओळी जुळत नाहींत, आणि सगळेंच चित्र डागाळतें.

हा वेळ कमी करण्याची धडपड त्या शास्त्राइतकीच जुनी आहे. १९७३ सालीं पॉल लॉटरबर यांनीं पाण्यानें भरलेल्या दोन बारीक नळ्यांचें असें चित्र प्रसिद्ध केलें. १९७७ च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्क येथें रेमंड दमादियन यांनीं आपल्या एका सहकाऱ्यास यंत्रांत बसवून त्याच्या छातीचें चित्र घेतलें. त्यास जवळजवळ पांच तास लागले. इंग्लंडांत पीटर मॅन्सफील्ड यांनीं त्याच वर्षीं चित्र झपाट्यानें घेण्याची एक युक्ति मांडली, आणि २००३ सालीं लॉटरबर व मॅन्सफील्ड या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. ऐकणारा कान एकच कां असावा, अनेक कां नसावे, असा विचार डॅनियल सोडिकसन यांनीं १९९७ सालीं आणि झुरिचच्या क्लास प्रुसमान यांनीं १९९९ सालीं तडीस नेला. अनेक वेटोळीं शरीराभोंवतीं ठेवलीं, कीं प्रत्येकास तोच नाद निराळ्या अंतरावरून ऐकूं येतो. त्या फरकावरून कांहीं ओळी गाळल्या तरी चालतें. पुढें २००७ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत मायकेल लस्टिग, डेव्हिड डोनोहो आणि जॉन पॉली यांनीं दाखविलें, कीं शरीराच्या चित्रांत पुनरुक्ति पुष्कळ असल्यामुळें ओळी योग्य रीतीनें विखरून गाळल्यास गणितानें तें चित्र उलगडतां येतें.

येथवरच्या युक्त्यांत गणिताचे नियम माणसानें लिहून दिलेले होते. नव्या पद्धतींत, जीस ‘डीप लर्निंग’ म्हणतात, नियम लिहून देत नाहींत, उदाहरणें देतात. ज्यांच्या सर्व ओळी मोजलेल्या आहेत अशा हजारों चित्रांचें मूळ मोजमाप संगणकापुढें ठेवतात. त्यांतल्या चारांपैकीं तीन ओळी झांकतात आणि म्हणतात, उरलेल्यांवरून पूर्ण चित्र करून दाखव. पहिले प्रयत्न हास्यास्पद निघतात. मग खरें चित्र उघडून दाखवावयाचें, चूक मोजावयाची, आणि संगणकांतील लक्षावधि आंकड्यांस त्या चुकीच्या मानानें किंचित् किंचित् वळण द्यावयाचें. पंतोजी उत्तरांचें पान झांकून विद्यार्थ्याकडून उदाहरणें सोडवून घेत, तोच हा प्रकार. फरक एवढाच, कीं हा विद्यार्थी कंटाळत नाहीं.

या विषयांत सर्वांत गाजलेला उद्योग २०१८ च्या ऑगस्टमध्यें जाहीर झाला. न्यूयॉर्क विद्यापीठाची वैद्यकशाळा आणि त्या वेळीं फेसबुक या नांवानें चालणाऱ्या कंपनीचें संशोधन-मंडळ यांनीं मिळून ‘फास्ट एम्. आर्. आय्.’ हें काम हातीं घेतलें. वर सांगितलेले सोडिकसन यांत अग्रभागीं होते. तपासणी दहापट जलद करून दाखवावयाची, असा संकल्प होता. त्यांनीं एक उदार गोष्ट केली : गुडघ्यांच्या सुमारें दीड हजार आणि पुढें मेंदूच्या सुमारें सात हजार तपासण्यांचें मूळ मोजमाप, रुग्णांची ओळख काढून टाकून, जगांतील सर्व संशोधकांस खुलें केलें. मग २०२० सालीं एक परीक्षा प्रसिद्ध झाली. १०८ रुग्णांच्या गुडघ्यांच्या तपासण्या घेतल्या. एकदां नेहमींच्या मोजमापाचीं चित्रें, आणि एकदां त्यांतील चौथ्या हिश्श्याच्या मोजमापावरून यंत्रानें पुरीं केलेलीं चित्रें, सहा अनुभवी तज्ज्ञांपुढें ठेवलीं. दोहोंवरून केलेल्या निदानांत लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं. संकल्प दहापटींचा होता, कसोटीस उतरली ती चौपट. पण चौपट हीही लहान गोष्ट नव्हे. त्याच परीक्षेंत आणखी एक गोष्ट दिसली, ती ध्यानांत ठेवावी : यंत्रानें पुरीं केलेलीं चित्रें तज्ज्ञांस मूळ चित्रांपेक्षां अधिक सुबक वाटलीं.

ही सुबकता भूषणही आहे आणि भयही आहे. कसें, तें अंगणांतल्या रांगोळीवरून सांगतों. आमच्या वहिनींचा हात ठिपक्यांच्या रांगोळींत इतका बसलेला आहे, कीं मुलांनीं अर्धी रांगोळी तुडविली तरी उरलेल्या ठिपक्यांवरून त्या ती क्षणांत पुरी करतात, आणि मूळ रांगोळीपेक्षां ती अंमळ रेखीवच उतरते. परंतु समजा, त्या दिवशीं आत्याबाईंनीं एका कोपऱ्यांत नेहमींच्या कमळाऐवजीं लहानसा शंख काढला होता, आणि नेमका तोच कोपरा तुडविला गेला. वहिनी तेथें काय काढतील? कमळच. रांगोळी सुंदर दिसेल, कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. फक्त शंख नाहींसा होईल. रांगोळींत यानें कांहीं बिघडत नाहीं. पण वैद्यकांत आपण चित्र काढतों तें मुळीं त्या शंखासाठींच! शंभर जणांत एकास असणारी गांठ, नसेवर आलेला केंसाएवढा दाब, हीच तर शोधावयाची वस्तु. आणि शिकलेल्या यंत्राची सारी विद्या नेहमींच्या कमळांवर पोसलेली असते.

ही केवळ कल्पना नव्हे. त्याच न्यूयॉर्कच्या मंडळानें २०२० सालीं मेंदूच्या चित्रांवर जगभरच्या संशोधकांची स्पर्धा घेतली; तींत परीक्षक डॉक्टरांनीं नोंदविलें, कीं कांहीं पुरीं केलेल्या चित्रांत मुळांत नसलेल्या रचना उमटल्या होत्या. त्याच वर्षीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान-अकादमीच्या नियतकालिकांत वेगार्ड आंतुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा कित्येक पद्धतींची कसून परीक्षा प्रसिद्ध केली. मोजमापांत डोळ्यांस न जाणवणारा अल्पसा फेर पडला, तरी कांहीं पद्धतींचें चित्र विपरीत होतें. आणि लहानशी नवी खूण मूळांत असूनही कांहीं ठिकाणीं ती पुसली जाते, असें त्यांना आढळलें. सर्वच पद्धति सारख्या दोषी नव्हत्या, हेंही सांगितलें पाहिजे. तथापि जुन्या पद्धतीची चूक आणि या पद्धतीची चूक यांत एक भेद आहे. जुनें यंत्र चुकलें, कीं चित्र पुसट होतें, आणि डॉक्टर म्हणतात, ‘मला दिसत नाहीं.’ नवें यंत्र चुकलें, तर चित्र स्वच्छच राहूं शकतें, आणि ‘मला दिसत नाहीं’ असें म्हणण्याची वेळच येत नाहीं.

मग आमच्या सौभाग्यवतींची शंका खरी ठरली काय? अर्धी. यंत्र बनविणाऱ्यांनींही यावर उपाय योजिले आहेत. त्यांतला मुख्य असा, कीं पुष्कळ पद्धतींत यंत्रास मोकळें रान दिलेलें नसतें. त्यानें चित्र पुरें केलें, कीं तें उलट पट्ट्यांच्या ओळींत मोडून पाहतात, आणि ज्या ओळी खरोखर मोजल्या होत्या त्यांच्याशीं तें जुळतें कीं नाहीं, हें पुनः पुनः ताडतात. न जुळल्यास सुधारावयास लावतात. म्हणजे उमटलेल्या ठिपक्यांस हात लावावयाचा नाहीं, मोकळी जागा तेवढी भरावयाची. शिवाय ढोबळ आकाराच्या मधल्या ओळी सहसा गाळीत नाहींत. ओळी चौपट कमी केल्या, तर अंदाजास कमी वाव राहतो. आठपट कमी केल्या, तर सूक्ष्म भाग हातचा जाण्याचा संभव वाढतो. म्हणून वेगाचा आंकडा मोठा तितकें यंत्र चांगलें, असें मानूं नये. अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २०२० सालीं या प्रकारच्या पद्धतीस रुग्णालयांत वापरावयास परवानगी दिली, आणि आज मोठमोठ्या यंत्रकंपन्यांच्या नव्या यंत्रांत ती कोणत्या ना कोणत्या रूपानें असतेच. आपल्या इकडील मोठ्या शहरांतील केंद्रांतही ती आली आहे. अहवालांत तिचा उल्लेख असेलच असें नाहीं.

आणि वेळ वांचणें ही केवळ सोय आहे असें ज्यांना वाटत असेल, त्यांनीं एकदां रुग्णाच्या जागीं निजून पाहावें. चार वर्षांचें मूल अर्धा तास निश्चल राहूं शकत नाहीं. म्हणून त्यास गुंगीचें औषध द्यावें लागतें, आणि त्या औषधाचा धोका निराळाच. दम्याच्या माणसास, वांकलेल्या वृद्धास, बंद जागेचें भय वाटणाऱ्या स्त्रीस हा अर्धा तास म्हणजे शिक्षा असते. सार्वजनिक रुग्णालयांत एका यंत्रापुढें पुष्कळ रुग्ण दिवसचे दिवस तिष्ठत असतात. तेथें एकाचा वेळ निम्मा झाला, तर तेवढ्याच दिवसांत आणखी एकाची पाळी लागते. शिवाय सावकाश काढलेलें चित्र नेहमींच अधिक खरें असतें, हाही एक भ्रमच. रुग्ण हालला, तर पाऊण तासाच्या पूर्ण मोजमापापेक्षां दहा मिनिटांचें अपुरें मोजमाप सत्याच्या अधिक जवळ जातें. अंदाज दोन्हीकडे आहे. एकीकडे यंत्राचा, दुसरीकडे पुसट चित्राकडे डोळे ताणून पाहणाऱ्या डॉक्टरांचा.

तेव्हां घरांतल्या कर्त्या मंडळींनीं करावें काय? केंद्रांत गेल्यावर विनयानें, पण न संकोचतां विचारावें, कीं ही तपासणी जलद पद्धतीनें होणार आहे काय, आणि यंत्रानें पुरें केलेलें चित्र असल्यास तसें डॉक्टरांना कळेल काय. रुग्णास खोकला, दमा, उताणें निजण्याचा त्रास, अगर बंद जागेचें भय असल्यास तें आधींच सांगावें, लपवूं नये. शरीरांत हृदयाचें यंत्र, जुनी चीप किंवा इतर धातु असल्यास तें तर पहिल्यानें सांगावें, कारण तो चुंबक कोणाची भीड धरीत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाचें : चित्र हें डॉक्टरांच्या हातचें एक साधन आहे, त्यांचा धनी नव्हे. रुग्णाची तक्रार एक सांगते आणि चित्र दुसरें सांगतें, असें झाल्यास तक्रारीस खोटें ठरवूं नये. ‘तेवढाच भाग सावकाश पद्धतीनें पुनः पाहतां येईल काय?’ असें विचारावें. एखादीच मालिका पुनः घेणें ही मोठी गोष्ट नसते.

आत्याबाईंच्या बाबतींत तसेंच घडलें. नव्या यंत्रांत त्या बारा मिनिटांत मोकळ्या झाल्या, आणि उबळ यावयाची ती बाहेर आल्यावर आली. चित्रें स्वच्छ निघालीं. मणक्यांमधील एक गादी सरकून नसेस किंचित् लागत होती. शस्त्रक्रियेची गरज दिसत नव्हती. परंतु आमच्या डॉक्टरांनीं चित्र बाजूस ठेवून आधीं त्यांचें पाऊल हातांत घेतलें, अंगठा वर उचलावयास लावला, आणि ते विचारांत पडले. चित्रांत दिसतो त्या मानानें अशक्तपणा त्यांना थोडा अधिक वाटला. “मला त्या एका जागेची जुन्या पद्धतीची एक मालिका हवी,” असें ते म्हणाले. आत्याबाई पुनः गेल्या, पाठीखालीं एक उशी घेऊन सात मिनिटें निजल्या, आणि या खेपेस देवानें उबळ आवरली. सावकाश काढलेल्या चित्रानेंही तेंच सांगितलें, जें जलद चित्रानें सांगितलें होतें. एक रेषाही निराळी नव्हती.

पुतण्या खुलला. “पाहिलेंत ना काका, यंत्र बरोबरच होतें!” मीं म्हटलें, “होतें खरें. पण तें बरोबर होतें हें आपणांस आज कळलें. काल तसें आपण मानीत होतों एवढेंच.” आमच्या सौभाग्यवतींनीं यावर कांहींच अभिप्राय दिला नाहीं, परंतु शस्त्रक्रिया टळल्याच्या आनंदांत त्या दिवशीं पुरणाचा घाट घातला.

आतां आत्याबाई सकाळ-संध्याकाळ सांगितलेले व्यायाम करतात आणि पावलाचा बधिरपणा पुष्कळ उणा झाला आहे. हा लेख छापावयास देण्यापूर्वी मीं त्यांना वाचून दाखविला. ओळी, पट्टे, झुरिच आणि स्टॅनफर्ड हें सगळें त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग उठून आपल्या पेटींतून तो पहिला अहवाल काढला. ‘रुग्ण स्थिर न राहिल्यामुळें’ हें वाक्य त्यांनीं इतके दिवस जपून ठेवलें होतें, हें मला ठाऊकच नव्हतें. त्या वाक्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “बाळ, तुझ्या मासिकांत हें नीट लिही. म्हातारी हालली नव्हती. यंत्र सावकाश होतें.”

त्यांच्या आज्ञेप्रमाणें लिहिलें आहे.